बादलीतला बाप्पा

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो. नाहीतर उद्या तुम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकाल, आणि तो तिखटमीठ लावून सांगेल. या वर्षी ऑकलंडमधल्या सहा मराठी घरांतले गणपती वेळेवर गावाला गेले नाहीत. त्याला जबाबदार एकच माणूस आहे, आणि तो आत्ता तुमच्यासमोर बसून चहात खारी बुडवतोय.

म्हणजे मी. सुहास. राहणार हेन्डरसन, काम सॉफ्टवेअरचं, हात कलेचा अजिबात नाही.

तर झालं काय, आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. इथे मूर्तीची अडचण. शाडूची माती भारतातून आणावी म्हटलं, तर विमानतळावर बुटाच्या तळाला लागलेल्या मातीचीसुद्धा चौकशी करतात, पिशवीभर माती कोण सोडणार? म्हणून गेल्या वर्षी मी घरीच मूर्ती केली. वर्तमानपत्राचा लगदा, खडूची पूड आणि डिंक. डिंक सँडरिंगहॅमच्या वाण्याकडून आणला, तासभर कोमट पाण्यात भिजवला, गाळला आणि लगद्यात मळला.

मेघना, म्हणजे माझी बायको, मूर्तीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "छान झालाय. फक्त सोंड कुठली आणि हात कुठला तेवढं सांग."

पण विसर्जनाला कमाल झाली. मूर्ती बादलीत सोडली, आरतीचं तबक आत ठेवून आलो, तोवर बादलीत नुसतं पिवळसर पाणी. मी त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. झालं! लोक हात जोडायला लागले, मला. कोणी म्हणे सुहास, तू पर्यावरणासाठी किती करतोस. मी काय केलं होतं, तर पेपर भिजवला होता. पण एकदा लोक म्हणायला लागले की माणसालाही वाटायला लागतं, तसं मला वाटलं. आणि या वर्षी मी जाहीर केलं की आमच्या गॅरेजमध्ये मूर्तीची कार्यशाळा. विरघळणारा गणपती, शिकवणार सुहास.

आता यात आई कुठे येते ते ऐका, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे.

आई जुलैमध्ये पुण्याहून आली होती. गणपती झाल्यानंतरच्या रविवारी तिचं परतीचं विमान. आमच्या घरी पद्धत अशी, की विसर्जनाचं पाणी तीच झाडाला घालते. पुण्यात दारातल्या तगरीला घालते. इथे आल्या आल्या तिने मागच्या अंगणात फिरून लिंबाचं झाड पसंत केलं आणि म्हणाली, "इथे घालीन मी पाणी. गणपती नीट पोचवायचे, पाणी घालायचं आणि मगच विमानात बसायचं." मग म्हणाली, "एवढा प्रवास पुन्हा नाही रे व्हायचा माझ्याने. नातीच्या घरचा गणपती एकदा डोळ्यांनी बघितला, हाताने पोचवला, की झालं माझं."

मी म्हटलं, "आई, तू बघच. आमचा गणपती मिनिटांत विरघळतो." किती फुशारकी असावी माणसाला.

कार्यशाळेचा शनिवार उजाडला. लोक दहाला येणार. आठ वाजता मी स्वयंपाकघरात डिंकाची पाकिटं शोधायला गेलो, तर फळी रिकामी.

"आई, इथला डिंक कुठे गेला?"

"तो होय? लाडू केले त्याचे. तो बघ डबा."

"सगळ्याचे?"

"मग काय निम्मा ठेवून देऊ? केवढा गारठा आहे इथे. मी मोज्यांवर मोजे घालून झोपते. आणि तुझा गुडघा दुखतो ना जिना चढताना? रोज सकाळी एक खायचा."

"अगं, तो गणपतीसाठी होता."

"गणपतीला दाखवते की नैवेद्य. त्यात काय."

डबा उघडून पाहिला. डिंक तुपात मस्त फुललेला, खोबऱ्या-खारकेत बसलेला. खोटं कशाला बोलू, क्षणभर असंही मनात आलं की हेच लाडू कुटून लगद्यात घालावेत का. मग एक लाडू खाल्ला आणि गाडी काढली. सँडरिंगहॅमला जाऊन यायचं, मग डिंक भिजवायचा, गाळायचा, एवढा वेळ कुठला? घराजवळ हार्डवेअरचं मोठं दुकान आहे, तिथे गेलो. चिकटवायचंच आहे ना, मग डिंक काय नि गोंद काय, असं माझं तर्कशास्त्र.

दुकानात एक उंच, लालबुंद गोरा माणूस. चड्डी आणि गमबूट. त्याने प्रेमाने विचारलं, "काय चिकटवायचंय, मेट?"

आता त्याला काय सांगू? म्हटलं, "कागदाचा लगदा. त्याची मूर्ती करायची आहे."

"घरात ठेवणार की बाहेर?"

"आधी घरात. मग पाण्यात ठेवायची आहे."

"पाण्यात? म्हणजे पूर्ण पाण्याखाली?"

"हो, पूर्ण. आणि पाण्यात घातल्यावर काही गडबड व्हायला नको. आमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे ते."

इथे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मला गडबड म्हणजे मूर्ती न विरघळणं, त्याला गडबड म्हणजे मूर्ती विरघळणं. त्याने मान डोलावली, सगळ्यात वरच्या फळीवरून एक भलामोठा डबा काढला आणि माझ्या हातात देऊन म्हणाला, "मग हाच घे. पाण्याची चिंताच सोड. स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत, एकदम झकास.

मी तरीही वाचून घेतलं, नाही असं नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, वॉटर बेस्ड. खाली, हात आणि ब्रश साध्या पाण्याने धुवा. मी म्हटलं, वा. पाण्यातच बनलाय, पाण्याने धुतला जातो, म्हणजे पाण्यात विरघळणारच की. आणखी काय पुरावा हवा? इंजिनिअर आहे मी, विचार करूनच घेतो.

कार्यशाळा काय रंगली म्हणून सांगू. डिंकाच्या गुठळ्या होतात, हात चिकचिक होतात, गाळणं धुताना जीव जातो. हे प्रकरण दुधासारखं पांढरं, गुळगुळीत. लगदा लोण्यासारखा मळला गेला. माझा मित्र अभिजित म्हणाला, "सुहास, तू यात फारच पुढे गेलायस." मी नम्रपणे मान खाली घातली. गोंदातच हळद आणि गेरू कालवून रंगसुद्धा दिले.

इथल्या दमट हवेत काही वाळत नाही, म्हणून आमची मूर्ती गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवली, टॉवेलांच्या शेजारी. चार दिवसांनी बाहेर काढली तर कशी म्हणता? बोटाने वाजवली तर टक टक आवाज. माझी मुलगी ईरा, वय नऊ, तिच्या हातून आमची मूर्ती निसटली आणि खाली पडली. उचलून पाहतो तर फरशीचा टवका उडालेला, सोंडेला ओरखडासुद्धा नाही.

"वाव बाबा, ही इज सुपर स्ट्रॉंग," ईरा म्हणाली.

शहाण्या माणसाला तिथेच शंका आली असती. मला अभिमान वाटला.

चतुर्थी झाली, दुसऱ्या दिवशी दुपारी आईने उत्तरपूजा केली. अक्षता वाहिल्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवली, डोळे मिटून बराच वेळ बसली. मग वाजतगाजत, म्हणजे मी टाळ आणि ईरा शाळेतली रेकॉर्डर नावाची बासरी, गणपती लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत नेले. तिथे फुलं वाहिलेली बादली तयार. पुढच्या वर्षी लवकर या म्हणत मूर्ती पाण्यात सोडली. आई हातात तांब्या घेऊन शेजारी उभी, लिंबाला पाणी घालायला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली.

पाणी नितळ. तळाला बाप्पा मांडी घालून बसलेले, उलट आंघोळीने जास्तच तेजस्वी दिसत होते. हळदसुद्धा जागची हलली नव्हती.

"पाणी गार आहे," मी म्हटलं आणि कोमट पाणी घातलं. मग कढत घातलं. मग गॅसवर पातेली चढवली. आई तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती. शेवटी तिने तो वॉशिंग मशीनवर ठेवला आणि म्हणाली, "बसलेत अजून."

"होईल गं. जरा वेळ लागतो कधीकधी."

का लागतो, ते मला कुठे माहीत होतं? मी आत जाऊन डोक्याला हात लावला. काय बदललं गेल्या वर्षीपेक्षा? गेल्या वर्षीचा पेपर वेगळा होता का? या वर्षी त्यात गुळगुळीत जाहिरातींची पानं जास्त होती. खडू वेगळ्या दुकानातला होता. का इथल्या पाण्यातच काही घालायला लागलेत? मी पाण्यावर संशय घेतला, खडूवर घेतला, टॉवेलच्या कपाटावर घेतला. डब्यावर म्हणून संशय घेतला नाही, कारण डब्यावर लिहिलेलं होतं ना, वॉटर बेस्ड.

तेवढ्यात अभिजितचा फोन.

"सुहास, तुमचे गेले का रे?"

"निघालेत," मी म्हटलं.

"कुठवर पोचले?"

"म्हणजे वाटेत आहेत. तुमचे?"

"आमचे अजून घरीच. बाथटबमध्ये आहेत. सगळ्यांच्या आंघोळी थांबल्यात."

मग ग्रुप सुरू झाला. एकामागून एक फोटो. बादली आणि बाप्पा, टब आणि बाप्पा, एकाकडे तर मुलांच्या प्लॅस्टिकच्या स्विमिंग पुलात बाप्पा. सगळ्यांचा एकच प्रश्न, सुहास, नेमकं किती वेळात विरघळतो? मी लिहिलं, थोडा धीर धरा, वातावरणाचा परिणाम आहे. वातावरणाचा! पुढच्या वर्षी लवकर या म्हणून ओरडलो होतो आम्ही, आणि इथे जायचीच चिन्हं नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माझी घालमेल काय सांगू तुम्हाला. रविवारचं विमान समोर दिसत होतं आणि आई एकेक साडी घडी करून बॅगेत ठेवत होती. काही बोलत नव्हती. ती बोलली असती तर बरं, असं मला झालं होतं. आयुष्यात एकच गोष्ट मागितली तिने माझ्या घरी येऊन, बादलीभर गढूळ पाणी, आणि तेवढंही मला देता येईना. लाज वाटत होती मला, खरंच.

मी सगळे उपाय केले. लाँड्रीत कपडे धुणं बंद, देवावर साबणाचे शिंतोडे उडायला नकोत म्हणून. घरात मोज्यांचा ढीग. सकाळी आंघोळ करून मी बादलीपुढे उभा राहायचो, हात जोडून. संध्याकाळी ऑफिसमधून आलो की निरांजन लावून पुन्हा उभा. फोनवर बघून अथर्वशीर्ष म्हटलं, अडखळत का होईना. "बाप्पा, माझं काही चुकलं असेल तर मला शिक्षा करा, पण आईसाठी एवढं मनावर घ्या." मग मोदक आणून ठेवले.

मेघना दारात उभी राहून बघत होती. "तू नक्की त्यांना जायला सांगतोयस की राहायला?"

"म्हणजे?"

"रोज दिवा, रोज मोदक. मी असते तर मीही गेले नसते."

शनिवारी सकाळी अभिजितची बायको स्नेहा आली. ती रंगाच्या कंपनीत केमिस्ट आहे. कार्यशाळेच्या दिवशी ती कामावर होती, हे आमचं सगळ्यांचं दुर्दैव. तिने आधी बादलीतल्या मूर्तीला नमस्कार केला, मग मूर्ती नखाने हळूच खरवडली, आणि म्हणाली, "डबा दाखव."

मी डबा आणला, वॉटर बेस्ड या शब्दांवर बोट ठेवून.

"आणि हे खालचं बारीक वाचलंस?"

मी चष्मा लावून वाचलं. अंगणातलं फर्निचर, गच्चीच्या फळ्या आणि होड्यांच्या किरकोळ दुरुस्तीसाठी. वाळल्यावर पाण्याचा परिणाम होत नाही.

"पण हात धुता येतात ना पाण्याने?" मी केविलवाणा.

"ओला असेपर्यंत." तिने समजावलं, लहान मुलाला सांगतात तसं. "हे बघ, डिंक म्हणजे झाडाचा चीक. पाण्यात टाकला की विरघळतो, वाळला की कडक होतो, परत पाण्यात टाकला की परत विरघळतो. झाडाचा डिंक कितीदाही वाळला तरी पाण्याला ओळख देतो. आणि हा कारखान्यातला गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे बारीक थेंब. पाणी उडून गेलं की ते थेंब एकमेकांना धरतात. मग सोडत नाहीत. दह्याचं परत दूध होतं का?"

"नाही."

"तसंच. पाणी फक्त डब्यात होतं, वाहून आणण्यापुरतं."

"म्हणजे आणखी थोडे दिवस ठेवला तर?"

"ठेव की. बाहेर पावसात ठेवलास तरी राहील."

"किती दिवस?"

तिने मूर्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुझ्यापेक्षा जास्त," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी लाँड्रीत जमिनीवर बसून राहिलो. पर्यावरणतज्ज्ञ म्हणवून घेतलं आणि सहा घरांत प्लॅस्टिकचे गणपती बसवले, तेही होडीच्या दर्जाचे. ते जाऊ दे, लोक हसतील आणि विसरतील. पण आईला काय तोंड दाखवू? संध्याकाळी पुन्हा दिवा लावला. आता विरघळणार नाही हे कळलेलं असूनही हात जोडले, कारण दुसरं सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी बॅगा दारात आल्या. मी धीर गोळा केला आणि आईला लाँड्रीत घेऊन आलो.

"आई, माझ्या हातून फार मोठी चूक झाली. मूर्ती विरघळणार नाही. आजही नाही आणि कधीच नाही. मी चुकीचा गोंद आणला. तू म्हणत असशील तर विमानाची तारीख पुढे ढकलतो. डिंक आणून नवी मूर्ती करतो, तिचं विसर्जन कर, पण असं अर्धवट टाकून जाऊ नकोस."

आईने मशीनवरचा तांब्या घेऊन बादलीतलं पाणी भरलं, नितळच्या नितळ, मागच्या अंगणात गेली आणि लिंबाच्या मुळाशी सावकाश ओतलं. झाडाला नमस्कार केला. पदराला हात पुसले.

"चल, झालं. विमान गाठायचंय ना?"

"अगं, पण गणपती?"

"गणपती कधीच गेले. उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या, मूर्ती जागची हलवली, त्याच वेळी देव गेला. नंतर मूर्ती विरघळते की नाही, तो आपला पसारा आवरायचा प्रश्न."

"मग इतके दिवस बादलीत कोण आहे?"

"कोण असणार? तुझा पेपर आणि तुझा गोंद."

म्हणजे मी इतके दिवस होडीच्या गोंदाला मोदक दाखवत होतो? त्याच्यापुढे अथर्वशीर्ष म्हणत होतो?

"आई, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मी इथे रडकुंडीला आलो होतो. मग बोलली का नाहीस?"

आई हसली, चप्पल घातली आणि दाराची कडी काढत म्हणाली, "अरे, देव दीड दिवस घरात होता तेव्हा तुझ्या हातात सारखा फोन. एकदा म्हणून नीट हात जोडले नाहीस. देव गेल्यावर मात्र दोन्ही वेळा आंघोळ करून, दिवा लावून उभा. म्हटलं, गोंदापुढे का होईना, पोरगा उभा राहतोय. कशाला मधे बोलू?"